थंडीत टाकीत रॉकेल नको

संपादक महोदय,

थंडी पडली की खानापूर, निपाणी भागात पहाटे भाजी घेऊन निघणाऱ्या काही पिकअपच्या टाकीत रॉकेल ओतले जाते. कृपा करून हे थांबवा. आपल्याकडच्या 10-12 अंशांत डिझेल गोठत नाही. उलट रॉकेलात वंगण कमी. डिझेल दाबाने पुढे ढकलणारा हाय प्रेशर पंप झिजतो आणि त्याचा चुरा थेट इंजेक्टरमध्ये, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागात जातो. खर्च मोठा.

गाडी उठत नसेल तर आधी बॅटरी तपासा. रात्रभर उभ्या गाडीत 12.4 व्होल्टपेक्षा कमी दाखवत असेल तर चार्ज करा, टर्मिनलवरचा पांढरा थर गरम पाण्याने धुवा. इंजिन आतून तापवणाऱ्या हीटर प्लगचा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझल्यावरच स्टार्टर मारा. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढा, मग फिल्टरजवळच्या हातपंपाने आत शिरलेली हवाही काढा. चोर्ला घाटातल्या धुक्यात लो बीमच ठेवा.

– पिकअप दुरुस्ती करणारे, खानापूर