उशाशी तेवणारा दिवा

रामबाग, इंदूर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू मनाच्या दुखण्यावरची गोळी सुरू झाल्याचे सांगितलेस आणि मी 'बरे झाले' एवढेच बोलून विषय बदलला, याची रात्रभर खंत वाटली. स्वतःहून डॉक्टरांची पायरी चढायला धैर्य लागते. ते तुझ्या आईला जमले नाही. म्हणून आज उपदेश करायचा नाही असे ठरवूनच लिहायला बसलो आहे. फक्त, उशाशी तो दिवा रात्रभर चालूच असतो का, एवढे कळव.

का विचारतो ते सांगतो. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर मेंदूत सुमारे २० हजार पेशींचे घड्याळ आहे. माणसात ते २४ तासांहून किंचित संथ चालते, आणि उजेडच त्याला रोज जुळवतो: सकाळचा उजेड त्याला लवकरच्या बाजूला आणतो, रात्रीचा उशिराकडे ढकलतो. मेंदूच्या बुंध्यातील राफे केंद्रांतून या घड्याळापर्यंत सेरोटोनिन हे निरोप पोहोचवणारे रसायन येते, आणि हॅमस्टरांवरील प्रयोगांत ते डोळ्यांनी पाठवलेला उजेडाचा निरोप मंद करते असे दिसले आहे. गोळीने सेरोटोनिन वाढणार, तेव्हा रात्रीच्या दिव्याची काळजी उलट कमीच, असे समजून मी निश्चिंत झालो होतो. पण २०१८ साली मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी निरोगी माणसांना सिटालोप्राम या सेरोटोनिन वाढवणाऱ्या, नैराश्यावरच्या औषधाची एकच मात्रा दिली, तेव्हा उजेडाने मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचे कळवणारे संप्रेरक, दबण्याची संवेदनशीलता सुमारे ४७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. एका मात्रेवरून महिनोन्महिन्यांच्या उपचाराबद्दल निष्कर्ष काढू नये, हे मी वर्गात जन्मभर बजावले. तरी ते वाचल्यापासून तुझ्या खोलीतला तो दिवा डोळ्यांसमोरून हलत नाही.

गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, आईने केली तशी तर मुळीच नाही. बंद करायचाच तर दिवा कर. पाहा, झालेच शेवटी व्याख्यान. बापाला क्षमा कर.

खरे तर तुला उजेडात झोपण्याची सवय मीच लावली. परीक्षेचे गठ्ठे तपासत मी ट्यूबलाइटखाली बारा-बारा वाजवायचो आणि आई दोरीवर साडी टाकून तुझ्यापुरता आडोसा करायची. सराफ्यातून गराडू खाऊन परतताना मात्र तू माझ्या पाठीला गाल टेकून स्कूटरवरच झोपून जायचीस, तेव्हा रस्त्यावरचे दिवे तुझे काही बिघडवत नसत. तीच मुलगी आज परक्या गावात नोकरी, घर आणि हे दुखणे एकटीने सांभाळते, याचा अभिमान वाटतो, आणि भीतीही त्याच एकटेपणाची वाटते.

परवा क्लॉथ मार्केटातून जाड, काळे कापड आणून ठेवले आहे. खिडकीची लांबी-रुंदी कळव, म्हणजे आईच्या मशीनवर पडदा शिवून पाठवतो. सकाळी तो आठवणीने बाजूला सारत जा. आणि दिव्याचे कळव.

तुझे,
बाबा