गाव महापालिकेत गेल्यानंतर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

२०२१ मध्ये पुणे महापालिकेत जी २३ गावे गेली त्यांत आपलेही गेले, तेव्हापासून बाबा ‘गाव संपले’ असे म्हणत आले आहेत. ते बोलणे मनाला लागून राहिले, म्हणून सध्या मी भांबुर्ड्याविषयी, म्हणजे पुण्यातल्या आजच्या शिवाजीनगरविषयी, मिळेल ते वाचतो आहे; आपल्यावर आज जी वेळ आली आहे, ती त्या गावावर फार पूर्वी येऊन गेली.

मुठेपलीकडचे भांबुर्डे हे स्वतंत्र गाव होते. पाताळेश्वराचे लेणे आठव्या शतकातले, राष्ट्रकूटकालीन मानले जाते आणि ते याच गावाच्या शिवारात आहे, म्हणजे पेठा वसण्याच्या कितीतरी आधीपासून नदीच्या त्या बाजूला माणसांचा राबता होता. पुढे शहर नदी ओलांडून आले. १८९५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय आजच्या जागेत आले, १९०७ मध्ये शेतकी महाविद्यालय निघाले, १९२३ मध्ये कसब्याकडून येणारा नवा पूल झाला, आणि शेते होती तिथे रस्ते व बंगले उभे राहत गेले. आज सगळे त्याला शिवाजीनगर म्हणतात. तरीही गावठाण जागेवर आहे, रोकडोबाचे देऊळ आहे, आणि जमिनीच्या कागदांवर अजूनही ‘भांबुर्डा’ लिहिले जाते. त्यामुळे बाबा, गाव संपले हे मला पटत नाही.

मात्र एका गोष्टीचे फार वाईट वाटते. मी जे वाचले त्यात संस्थांच्या आणि पुलांच्या तारखा आहेत, पण ज्यांच्या जमिनी त्याखाली गेल्या त्यांनी आपल्या शेतांना, विहिरींना, पाणंदींना काय नावे दिली होती, ते जवळजवळ नाही. आपल्या ग्रामपंचायतीचे दफ्तर महापालिकेकडे गेले, पण त्यात घरपट्टी आणि जन्ममृत्यूच्या नोंदी असणार. बाबांना ठाऊक असलेली मळ्यांची नावे, कोणाचा बांध कुठवर होता आणि ओढा कुठून वाहत होता, ते त्यात कुठून येणार? आईला तर पाणवठे, प्रत्येक घराचे माहेर-सासर आणि जत्रेतला कोणाचा कोणता मान हे सगळे तोंडपाठ आहे.

दिवाळीला येताना गावचा जुना नकाशा मोठा करून आणतो. तुम्ही दोघांनी सांगावे आणि मी त्यावर लिहीत जावे, अशी माझी विनंती आहे. एखाद्या नावावरून तुमचे दोघांचे जुळले नाही, तर दोन्ही लिहून ठेवू.

तुमचा,
मुलगा