विठोबाला नोबेल कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आषाढी पुरवणीतला एकादशी आणि नोबेलचा लेख वाचला. पहिल्यांदा वाचून खरं वाटेना, म्हणून चष्मा पुसून पुन्हा वाचला. रात्रीच लिहायला बसलो होतो, पण रागात माझं अक्षर बिघडतं. आज सकाळी चहा झाल्यावर लिहितो आहे. राग तसाच आहे, अक्षर तेवढं बरं आलं आहे.

उपवासात पेशी स्वतःची दुरुस्ती करतात, या शोधाला नोबेल मिळालं, म्हणजे आपल्या पूर्वजांची एकादशी विज्ञानाने सिद्ध झाली, असा लेखाचा सूर. बाकीचं पुन्हा उगाळत नाही. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळालं ते एकादशीसाठी नव्हे, एवढंच सांगतो. त्यांचे मूळ प्रयोग यीस्टवरचे. यीस्टला नायट्रोजन मिळू दिला नाही की त्याच्या पेशी आपल्याच आतला माल मोडून वापरायला लागतात. हे डोळ्यांनी दिसावं म्हणून त्यांनी मोडतोड करणारी एन्झाइम्स नसलेलं यीस्ट मुद्दाम निवडलं. त्यामुळे मोडीत निघालेला माल आत तसाच साठत गेला आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसला. केवढी नामी युक्ती! मी ३४ वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. ही युक्ती फळ्यावर काढून दाखवायला मला फार आवडलं असतं. तुमच्या लेखकाला मात्र तिच्यात काडीचा रस नाही. त्याला फक्त पदक हवं आहे, विठोबाच्या गळ्यात घालायला. (गंमत म्हणजे ज्या यीस्टचा एवढा गौरव, त्याने फुगलेला पाव एकादशीला चालत नाही.)

यात काय बिघडलं, भाबडेपणाने का होईना लोक विज्ञानाचं नाव तर घेतात, असं कुणी म्हणेल. काय बिघडतं ते मी घरात पाहिलं आहे.

माझी आई ७९ वर्षांची, माळकरी. मधुमेह जुना. एकादशीच्या बाबतीत तिचा आणि आमच्या डॉक्टरांचा तह झालेला होता: सकाळी पेलाभर दूध आणि राजगिऱ्याची लाही, गोळी अर्धी, दुपारी चार घास वरीचे तांदूळ. "गोळीने उपास मोडत नाही का गं?" असं मी एकदा मुद्दाम विचारलं, तर म्हणाली, "त्याला कळत नाही होय? अठ्ठावीस युगं उभा आहे, म्हातारी माणसं काय त्याने पाहिली नाहीत?"

गेल्या कार्तिकीच्या आदल्या संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात एका व्याख्यात्यांचं भाषण होतं. पडदा, प्रोजेक्टर, जपानी शास्त्रज्ञाचा हसरा फोटो, सगळं साग्रसंगीत. उपवासात पेशी स्वतःची दुरुस्ती करतात, पण दूध नि फराळ पोटात गेला की सगळं फुकट, असं त्यांनी ठासून सांगितलं. आई घरी आली ती गप्पच. सकाळी तिने लाहीचा डबा उघडला नाही. गोळी मात्र सवयीने घेतली, आणि तीही अख्खी. साडेअकराच्या सुमारास तुळशीपाशी बसलेली ती उठेना. कपाळ घामाने डबडबलेलं, हात थरथरताहेत आणि मला धाकट्या भावाच्या नावाने हाक मारते आहे. बोटाला सुई टोचली तर यंत्रावर रक्तातली साखर अवघी ५४. चमच्याचमच्याने साखरेचं पाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांनी भानावर आली आणि पहिलं वाक्य काय? "एवढा मोठा शास्त्रज्ञ सांगतो, खोटं कसं असेल?"

संपादक महाराज, विठोबाच्या एकादशीत गोळीला जागा होती. नोबेलच्या एकादशीत ती उरली नाही.

परंपरा-परंपरा म्हणणाऱ्यांना हेही ठाऊक नसावं, की पाणी, कंदमुळं, फळं, दूध वगैरे आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असा जुना श्लोक आहे आणि त्या आठांत शेवटचं नाव औषधाचं आहे. एकादशीचा उपवास आठ वर्षांच्या पुढच्याने आणि ऐंशी पुरी न झालेल्याने करावा, असंही वचन आहे. (त्या हिशेबाने आईचं एक वर्ष बाकी आहे, आणि ते ती सोडणार नाही.) आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी उभा जन्म घालवून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला, त्यांना १९६३ साली भारतरत्न मिळालं. कुठल्या पेशीला काय वाटतं हे विचारायला काही त्यांना जावं लागलं नाही. कुणी काय लिहिलं, कधी लिहिलं, कोणत्या वचनाला कोणतं वचन छेद देतं, ते त्यांनी मांडून ठेवलं. मला विचाराल तर तो वैज्ञानिक दृष्टिकोन. लेखाच्या शेवटी तुमच्या लेखकाने घटनेतलं ५१-क कलम काढून त्याच दृष्टिकोनाची आम्हाला आठवण करून दिली आहे. धन्यवाद. फक्त निष्कर्ष आधी ठरवून पुरावा मागाहून शोधायचा, असं निदान माझ्या वर्गात तरी मी शिकवत नव्हतो.

मी स्वतः माळ घातलेली नाही. पण आषाढीला भात खात नाही. मुलं विचारायची, "सर, तुम्ही विज्ञानाचे ना, मग उपास कसा?" मी म्हणायचो, घरी भात शिजत नाही म्हणून. मुलं हसायची, पण त्याहून खरं उत्तर माझ्याजवळ आजही नाही. उद्या एखाद्या संशोधनात उपवास वाईट ठरला तर चंद्रभागेवरची गर्दी काय परतीच्या एसटीची चौकशी करणार आहे?

त्याच पानावर खाली उपवासाच्या पिझ्झ्याची कृती होती. वर पेशींची उपासमार आणि खाली साबुदाण्याच्या पिठाचा बेस, त्यावर चीज! साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. सेलमकडचे साबुदाण्याचे कारखाने निघाले तेही गेल्या शतकात. खायला माझी ना नाही, एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आमच्या घरात दर पंधरा दिवसांनी खरी ठरते. पण त्याला पुन्हा 'पूर्वजांचं आहारशास्त्र' म्हणू नका.

आता चंद्राचं. एकादशीला चंद्राच्या ओढीने शरीरातलं पाणी खवळतं म्हणे. आमच्या बंदरावरच्या कुठल्याही खलाशाला विचारा. उधाण पुनवेला आणि अवसेला, भांग, म्हणजे सगळ्यांत कमी चढउताराची भरती, अष्टमी-नवमीला. एकादशीचं पाणी धड इकडे ना तिकडे. शिवाय कधीकधी पंचांगात लागोपाठ दोन एकादश्या येतात, त्या वेळी पेशींनी पहिली, स्मार्त, धरायची की दुसरी, भागवत, तेही लेखकाने सांगायला हवं होतं. अभिमानच हवा असेल तर पंचांग नीट उघडा. सूर्यापासून चंद्र १२० अंश पुढे गेला की शुद्ध एकादशी लागते, १३२ झाले की संपते. चंद्र कधी जलद, कधी मंद, म्हणून तिथी कधी १९ तासांत आटपते, कधी २६ तासांवर जाते. हे गणित आपल्याकडे शतकानुशतकं चालत आलं आहे. त्यावर पुरवणी काढा की, मी पदरचे पैसे देऊन विकत घेईन.

चंद्राचा विषय निघालाच आहे तर एक जुनी तक्रार. तुमच्या अंकात पूर्वी दुसऱ्या पानावर भरती-ओहोटीचं कोष्टक असायचं. दीडेक वर्षापूर्वी ते गुपचूप गेलं आणि त्या जागी 'आजचा शुभरंग' आला. मी दोनदा पत्र टाकलं, पोच नाही. इथे होड्या शुभरंग बघून सुटत नाहीत. ते कोष्टक परत सुरू करावं, ही विनंती. तोवर आमचं पाऊणकीवर भागतं आहे. तिथीची पाऊणपट केली की अदमासे भरतीची वेळ निघते, हे आईनेच मला लहानपणी शिकवलं: अकरा पाऊण सव्वाआठ. काल एकादशीला सव्वाआठच्या सुमारास जेट्टीवर जाऊन पाहून आलो. पाणी चौथ्या पायरीला होतं.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी