गुरुवारी माझं ऑपरेशन आहे

मोंपेलिए, फ्रान्स, ऑक्टोबर २०१४

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

फोनवरच सांगणार होते, पण आईचा आवाज ऐकला की मला जमत नाही.

येत्या गुरुवारी माझ्या पोटात इन्सुलिनचा पंप बसवणार आहेत. सह्या करून झाल्या.

बाबा, मे महिन्यात जिन्यावर माझा पाय घसरला नव्हता. शुगर लो होऊन शुद्ध गेली होती. शेजारणीला दिसले म्हणून बरं. पूर्वी घाम फुटायचा, हात थरथरायचे. आता काहीच कळत नाही. इंजेक्शनं झाली, कमरेचा पंपही झाला. तेच जेवण, तोच डोस, तरी आज ४० आणि उद्या ४००. खोटं बोलले, माफ करा.

आई, घाबरू नकोस. कातडीखाली एक गोल डबी ठेवतात, तुझ्या अनारशाएवढी, थोडी जाड. तिची बारीक नळी आतड्यांभोवतीच्या पोकळीत सोडतात. तिथून इन्सुलिन आधी यकृतात पोचतं, निरोगी माणसाच्या स्वादुपिंडातून पोचतं तसंच. जेवताना रिमोटने डोस द्यायचा. दीड-दोन महिन्यांनी दवाखान्यात सुईने डबी भरून घ्यायची. आतलं इन्सुलिन एका मिलीत ४०० युनिटचं, साताऱ्यात आपण आणायचो त्या ४० युनिटच्या बाटलीच्या दहापट तीव्र. कधी नळी तुंबते, कधी जागा पिकते. तसं झालं तर पुन्हा इंजेक्शनं. आता काही लपवणार नाही.

‘पुण्यात करून घे’ म्हणू नका. भारतात ही सोय नाही. इथे वीसेक वर्षांपासून बसवतात. जावई आठवडाभर रजेवर आहेत, मऊ भात, मेतकूट, सगळं घरात आहे.

काचेची सिरिंज उकळायचं ते पितळी पातेलं अजून आहे ना गं? लाइट गेली की तू बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायचीस. बाबांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात साखरेची पुडी. आणि रात्री मानेवर तुझा हात, घाम आलाय का बघायला. अकरा वर्षं तू सलग झोपली नाहीस, आई. मला झोपेचं सोंग घेता यायचं.

माझ्यासाठी निर्जळी उपास करायचा नाही. बाबांनी बीपीची गोळी चुकवायची नाही, आणि गच्चीवर पाणी बघायला एकट्याने चढायचं नाही. माणूस लावा, पैसे मी पाठवते.

गुरुवारी तुमच्याकडे संध्याकाळ झाली की जावई फोन करतील. तोवर जेवून घ्या, दोघांनीही.

तुमची,
छकुली