तारीख आणि सही

सांगली,
९ नोव्हेंबर २०२४

चि. राणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीत तू विचारलेल्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिले नाही, कारण घर पाहुण्यांनी भरलेले होते आणि फराळ वाढता वाढता दोन शब्दांत निकालात काढावा असा तो प्रश्न नव्हता. निफाडकडच्या द्राक्षबागांत फिरताना तुला जे दिसते, शेतकरी ज्या शंका विचारतात आणि ज्यांची उत्तरे शोधण्यासाठी तुला पुस्तकांइतकेच बांधही तुडवावे लागतात, ते सारे कुठेतरी नीट मांडून ठेवावे असे तुझ्या मनात आहे. तुझे सहकारी मात्र म्हणतात की लिहिलेले आता कोणी वाचत नाही. मिनिटभराचे व्हिडिओ करावेत, ग्रुपवर सोडावेत आणि मोकळे व्हावे. ब्लॉगचे दिवस संपले का, असे तू मला विचारलेस. शाळेतून निवृत्त होण्याच्या पुष्कळ आधीपासून मी ब्लॉग लिहिते आहे, त्यामुळे या काळात मला जे दिसले आणि जे पटले, ते जरा सविस्तर लिहिते.

तुम्हा मुलांना संगणकावर मराठी लिहिणे ही अडचण कधी वाटलीच नाही. आमच्या वेळी प्रत्येक वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाचा फाँट वेगळा असे, आणि तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर नुसती चौकोनांची रांग दिसे. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच जागा होती, पण घरोघरच्या संगणकांवर ती अक्षरे जोडाक्षरांसह नीट उमटू लागायला पुढची दहा-बारा वर्षे गेली. तरीही १९९६ च्या गणेश चतुर्थीला ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले आणि परदेशी गेलेली मराठी माणसे रोमन लिपीत का होईना, पण मराठीत बोलू लागली. ब्लॉग लिहिण्याच्या सोयींपैकी ऑगस्ट १९९९ मध्ये ब्लॉगर आले, मे २००३ मध्ये वर्डप्रेस आले, आणि त्याच मे महिन्याच्या पहिल्या तारखेला, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. पुढे ‘बरहा’सारखी टंकनाची साधने हाती आल्यावर माझ्यासारख्या भूगोलाच्या शिक्षिकेलाही कोणा संपादकाची परवानगी न घेता, टपालखर्च न करता आणि ‘साभार परत’ची वाट न पाहता आपले लेखन जगापुढे ठेवता येऊ लागले. ही केवढी मोठी गोष्ट होती हे आज सांगूनही पटणार नाही.

मी मिरजेच्या तंतुवाद्यांवर लिहिले होते ते तुला आठवत असेल. सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन, तुणाचे लाकूड कसे निवडतात आणि तारांचा नाद खुलवणारी जवारी कशी लावतात हे विचारून विचारून मी तो लेख तयार केला. त्यावर पंढरपूरकडच्या एका वाचकाने एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिली की ती लेखाइतकीच भरली. तंबोऱ्यासाठी लागणारे भोपळे भीमेच्या काठी कसे पिकवतात, फळ वेलावर असतानाच त्याच्या आकाराची काळजी का घ्यावी लागते, ते वाळायला किती वेळ द्यावा लागतो, हे सगळे त्यात होते. मस्कतहून एका बाईंनी आपल्या आजोळच्या तंबोऱ्याविषयी लिहिले. ही माणसे मला कधी भेटली नाहीत, पण त्यांनी माझा मजकूर शेवटपर्यंत वाचला होता, त्यावर दोन-तीन दिवस विचार केला होता आणि मग सवड काढून आपल्याजवळचे ज्ञान त्यात घातले होते. यंदा मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा संगीत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला शोधता शोधता तोच जुना लेख सापडला आणि त्याने मला भोपळ्यांबद्दल आणखी विचारणा केली. इतक्या वर्षांनी तो मजकूर, त्याखालच्या सगळ्या प्रतिक्रियांसकट, जिथे ठेवला होता तिथेच होता. माझ्या मते ब्लॉगचे खरे मोल तेच आहे.

मग हे सगळे ओसरले कसे? तुझे सहकारी समजतात तसा वाचकांना एकाएकी वाचनाचा कंटाळा आला, असे मला वाटत नाही. वाचक आणि लेखक यांच्यामधली वाट बदलली. पूर्वी आपल्याला आवडलेल्या ब्लॉगांची यादी आपण स्वतः करत असू, आणि त्यांवर नवे काही आले की ते गूगल रीडर या वाचनसाधनात आपोआप गोळा होत असे, जुन्या-नव्याच्या क्रमाने, काहीही न वगळता. १ जुलै २०१३ रोजी ते रीडर बंद झाले. त्याच महिन्याच्या मध्यावर आपल्या देशातली तारसेवाही बंद झाली, आणि शेवटची तार पाठवण्यासाठी लोकांनी कार्यालयांत गर्दी केल्याच्या बातम्या आल्या. रीडरसाठी मात्र आमच्यासारख्या मोजक्यांनीच हळहळ व्यक्त केली. तोवर वाचक फेसबुकवर गेले होते. तिथे २००९ पासून ‘लाइक’चे बटण आले होते, आणि कोणाचा मजकूर कोणाला दिसावा हे वाचकाने केलेल्या यादीवरून ठरण्याऐवजी कंपनीच्या हिशोबाने ठरू लागले होते. ज्या वाचकाने पूर्वी चार परिच्छेद लिहिले असते, तो आता अंगठा दाखवून पुढे जाऊ लागला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण थांबून लिहिण्याची सोय त्या जागेने ठेवलीच नव्हती.

यानंतर आले ते व्हॉट्सअॅप, आणि तुझ्या कामाशी त्याचाच संबंध सर्वांत जवळचा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आपण सगळे त्या फोनला डोळे लावून बसलो होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी तिच्या पुष्कळ वर गेलेले. होडी कुठे येणार आहे, दूध कोणत्या चौकात मिळते, कोणाच्या गच्चीवर किती माणसे अडकली आहेत हे त्या ग्रुपवरूनच कळत होते, आणि त्या उपकाराला मी कधीही कमी लेखणार नाही. पण पाण्याची पातळी सांगणारे निरोप दहा हातांतून फिरून येत, त्यांत ‘आत्ताच’ असे लिहिलेले असे, आणि ते ‘आत्ताच’ नेमके केव्हाचे हे कोणालाच सांगता येत नसे. फोन आपल्याला निरोप मिळाल्याची वेळ दाखवतो. तो मुळात लिहिला गेला त्याची वेळ दाखवत नाही. लिहिणाऱ्याचे नाव तर पहिल्याच फेरीत गळून पडते. म्हणूनच कोणाच्याही ओळी पु. ल. देशपांडे यांच्या नावावर गावभर फिरू शकतात. तेवढ्याने फारसे बिघडत नाही, हे मान्य. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झाले ते आठव. मंगळवेढ्याच्या बाजूने भिक्षा मागत गेलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. तशा टोळीच्या अफवा फोनोफोनी पसरत होत्या, त्यांना ना लेखक होता ना तारीख, त्यामुळे ‘हे तू कशावरून लिहिलेस’ असे कोणाला विचारण्याची सोयच नव्हती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याने अफवेचा वेग कमी होतो, परंतु लिहिणारा समोर येत नाही.

आता तुझ्या बागांकडे ये. ग्रुपवर कोणीतरी डाऊनी (केवडा) रोग लागलेल्या पानाचा फोटो टाकतो, दुसरा कोणी एका औषधाचे नाव आणि प्रमाण टाकतो, आणि तो सल्ला तासाभरात तीन तालुक्यांत पोहोचतो. देणाऱ्याने तो ऑक्टोबर छाटणीनंतरच्या तिसाव्या दिवशीच्या बागेसाठी दिलेला असतो. घेणाऱ्याची बाग मात्र नव्वद दिवसांवर आलेली असते, घडात पाणी भरत असते आणि माल निर्यातीला द्यायचा असतो. काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवावी लागते आणि त्यात चूक झाली तर औषधाच्या अंशासाठी सगळा माल कसा नाकारला जातो, हे मी तुला सांगायला नको. तूच मला ते सांगितलेले आहेस. छाटणीचा दिवस मोजल्याशिवाय द्राक्षबागायतदार एक पाऊल टाकत नाही, आणि तरी त्याला मिळणारा सल्ला बिनतारखेचा असतो, ही विसंगती मला फार बोचते. तुझे लिखाण इथे उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते.

व्हिडिओ करू नकोस असे मात्र मी म्हणत नाही. काडीवर नेमका कुठे काप घ्यावा, विरळणी करताना घडातला कोणता भाग काढावा, हे पाचशे शब्दांत सांगण्यापेक्षा हाताने दाखवलेले बरे. आमच्या त्या ब्लॉगांच्या जगाविषयी आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ते जग लहान होते. घरी संगणक असलेले, पुणे-मुंबईचे किंवा परदेशातले, शिकलेले आणि लिहिण्याची सवय असलेले लोक त्यात होते. शेतात राबणारी बाई त्यात जवळजवळ नव्हतीच. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि जिने कधी चार ओळींचे पत्रही लिहिले नव्हते अशी बाई आज स्वतःच्या आवाजात आपल्या बागेची अडचण सांगते, हा बदल मला आमच्या सगळ्या ब्लॉगांपेक्षा मोलाचा वाटतो. प्रश्न इतकाच आहे की तिला मिळालेले उत्तर पुढच्या हंगामात तिला पुन्हा सापडेल का. ग्रुपवर ते दोन दिवसांत सुप्रभातच्या फुलांखाली गाडले जाते, आणि व्हिडिओत चाळीस सेकंदांनी सांगितलेला आकडा शोधण्यासाठी तो सगळा पुन्हा पाहावा लागतो. लिहिलेल्या पानावर तिच्या मुलाला किंवा सुनेला नेमकी ओळ काढून वाचून दाखवता येते.

नाव घालून लिहिण्याची भीती वाटते, असेही तू म्हणालीस. ती भीती खोटी नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका मतासाठी अटक झाली होती, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६अ खाली असल्या अटका होत, ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले, तोवर अनेकांनी हात आखडता घेतला होता. तुझ्या नोकरीच्या नियमांत स्वतःच्या नावाने लिहिणे बसत नसेल तर टोपणनाव घे. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात आपली पत्रे ‘लोकहितवादी’ या नावानेच लिहिली, आणि त्या वेळी ते अवघे पंचवीस वर्षांचे होते. शंभरावर पत्रे एकाच नावाने आणि ओळीने आली, म्हणून वाचकाला त्या माणसाचे विचार जोखता आले, त्याच्याशी वाद घालता आला. टोपणनावामागे एकच माणूस सातत्याने उभा असेल तर ती सहीच आहे. बिननावाच्या निरोपामागे कोणीच उभे नसते.

करायचेच ठरवलेस तर काही गोष्टी आधीपासून पाळ. संकेतस्थळाचे नाव स्वतःचे घे आणि सगळ्या मजकुराची एक प्रत आपल्या संगणकावर ठेव, कारण जिओसिटीज २००९ मध्ये गेले, ऑर्कुट २०१४ मध्ये गेले, आणि तिथे ज्यांनी वर्षानुवर्षे लिहिले त्यांतल्या पुष्कळांपाशी एक ओळही उरली नाही. प्रत्येक लेखाच्या वर तारीख, गाव, द्राक्षाचा वाण आणि छाटणीनंतरचा दिवस घाल. नंतर काही बदलावे लागले तर जुने पुसू नकोस. खाली नवी तारीख घालून काय बदलले आणि का, ते लिही. ग्रुप सोडायचे कारण नाही, उलट तिथे लेखाचा दुवा आणि दोन ओळींचा सारांश टाक, म्हणजे ज्याला सविस्तर हवे तो येईल. किती जण आले याचे आकडे रोज पाहू नकोस. त्यांपेक्षा कोणी प्रश्न विचारला तर त्याच दिवशी नाही, पण दोन-तीन दिवसांत, बाग पाहून, विचार करून उत्तर दे. तुझ्या वाचकांनाही मग तशीच सवय लागेल.

आरंभाला फार मोठा विषय घेऊ नकोस. या हंगामातली एकच बाग निवड, तिच्या मालकाची परवानगी घे, आणि छाटणीपासून काढणीपर्यंत दर आठवड्याला तिथे काय दिसले ते लिहीत जा, पाऊस किती झाला, पान किती वेळ ओले राहिले, कोणती फवारणी टाळता आली, हे सगळे. पहिला मसुदा झाला की मला पाठव. द्राक्षातले मला कळत नाही, पण शुद्धलेखन पाहून देईन, आणि जिथे मला समजले नाही तिथे खूण करीन. संकेतस्थळाच्या नावाचा पहिल्या वर्षाचा खर्च आपण देऊ असे बाबांनी सांगितले आहे, तेव्हा नाव ठरले की त्यांना कळव.

तुझी,
आई