आरोग्यमंत्री साहेब, केमोच्या आधी एकदा विचारायला सांगा

मा. आरोग्यमंत्री साहेब, सप्रेम नमस्कार,

मी लालबागची. माझ्या भाचीला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाला, विशीतली पोरगी, केमो सरकारी योजनेत बसली त्याबद्दल मनापासून आभार, पण केमोने अंडी मरतात, तेव्हा पुढे मूल हवंय का, अंडी गोठवून ठेवायचीत का, हे आधी कुणी एका शब्दाने विचारलं नाही.

साहेब, बाईची सगळी अंडी ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पाचव्या महिन्यात 60-70 लाख, जन्मताना 10-20 लाख, वयात येईपर्यंत 3-4 लाख. नंतर नवीन बनत नाहीत. आणि या पेशी डीएनएच्या बाबतीत फार कडक असतात. अगदी सुरुवातीच्या बीजपेशींमध्ये, म्हणजे ज्यांची पुढे अंडी होतात त्यांच्यात, डीएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटले तर ते सोडवायला फॅन्कोनी जीन्स लागतात, ते बिघडले की बीजपेशीच कमी पडतात. मग अंडं घडताना तर पेशी स्वतःच आपला डीएनए जागोजागी तोडते, गुणसूत्रांची अदलाबदल व्हावी म्हणून, आणि आरएडी51, बीआरसीए2 वगैरे प्रोटीन्स मिळून एकेक तुकडा परत जुळवतात. जुळलं नाही तर त्या अंड्याला जगूच दिलं जात नाही. एवढी राखण असते म्हणून तर बाळाच्या डीएनएच्या 600 कोटी अक्षरांत नवे बदल साधारण 60-70च असतात!

आता केमोतलं सायक्लोफॉस्फामाइड हे औषध काय करतं, तर नेमके हेच धागे चिकटवतं. त्यात कॅन्सरच्या पेशी मरतात तशी अंडीही मरतात, पुरुषांमध्ये शुक्राणू बनवणाऱ्या पेशी मरतात.

ल्युकेमियासारख्या (रक्ताच्या कॅन्सरसारख्या) आजारात थांबायला वेळ नसतो, मान्य. पण शुक्राणू एक-दोन दिवसांत गोठवता येतात, अंड्यांना साधारण दोन आठवडे लागतात, बऱ्याच पेशंटना तेवढा वेळ मिळू शकतो. निदान विचारा तरी. केमोच्या आधी हे कौन्सेलिंग सक्तीचं करा आणि गोठवायचा, सांभाळायचा खर्च महात्मा फुले योजनेत घ्या, कारण गावाकडून येऊन परळच्या फुटपाथवर राहणाऱ्या माणसाने तो कुठून आणायचा? वयात न आलेल्या मुलींसाठी अंडाशयाचा तुकडा गोठवता येतो, ती सोय सरकारी हॉस्पिटलात हवी. प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी केंद्राची संस्था परळमध्येच आहे, तिथल्या लोकांना बोलवून घ्या, नियम त्यांच्याकडूनच लिहून घ्या, आणि येत्या बजेटमध्ये यासाठी पैसे ठेवा.

आपली,
लालबागची एक मावशी