लांब गेलो म्हणून थंडी पडत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुलै जवळ आला की सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो, की आता अपसूर्य स्थिती येतेय, एरवी पृथ्वी सूर्यापासून ९ कोटी किलोमीटरवर असते ती आता १५ कोटी २० लाखांवर जाणार, त्यामुळे थंडी वाढेल, सर्दी-खोकला होईल, गरम पाणी प्या. चांगली शिकलेली माणसं हा मेसेज न वाचता पुढे ढकलतात याचं खरंच वाईट वाटतं.

त्यातला ९ कोटींचा आकडाच खोटा आहे. पृथ्वी वर्षभर साधारण १५ कोटी किमीवरच असते, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात जवळ म्हणजे १४ कोटी ७१ लाख आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यात लांब म्हणजे १५ कोटी २१ लाख, बस एवढाच फरक. आणि लांब गेल्याने थंडी पडत असती तर जुलैत सगळीकडेच हिवाळा असायला हवा होता ना? पण तेव्हा युरोप, अमेरिका उन्हाने भाजत असतात आणि मेलबर्नमध्ये लोक स्वेटर घालून फिरतात. उलट २६ डिसेंबरची मेलबर्न टेस्ट आपण पहाटे ब्लँकेटमध्ये बसून बघतो तेव्हा तिकडे स्टेडियममध्ये लोक टोप्या घालून, सनस्क्रीन फासून बसलेले असतात. सूर्य तोच, अंतर तेच, तारीखही तीच.

फरक पडतो तो पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे. आस साडेतेवीस अंश कललेला आहे आणि वर्षभर अवकाशात एकाच दिशेला रोखलेला राहतो, म्हणून जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो आणि डिसेंबरमध्ये दक्षिण. मेलबर्नला डिसेंबरच्या शेवटी दुपारचा सूर्य ७५ अंशांच्या वर चढतो आणि दिवस जवळजवळ पावणेपंधरा तासांचा असतो, जूनमध्ये तोच सूर्य जेमतेम २९ अंशांवर येतो आणि दिवस साडेनऊ तासांत संपतो. कमी वेळ ऊन, तेही तिरपं. टॉर्च भिंतीवर सरळ धरा आणि मग तिरपा धरा, तोच उजेड जास्त जागेवर पसरून फिका झालेला लगेच दिसतो, मुलांना हे एकदा करून दाखवलं तर पाठांतराची गरजच नाही.

अंतराचा काहीच परिणाम नाही असंही नाही हं, जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त ऊन मिळतं. मग दक्षिणेचा उन्हाळा आपल्यापेक्षा भयंकर का नाही, तर तिकडे पाणीच पाणी आहे, दक्षिण गोलार्धाचा जवळपास ८० टक्के भाग समुद्र, आणि समुद्र हळू तापतो. जमीन जास्त आहे उत्तरेला, म्हणून अख्ख्या पृथ्वीचं सरासरी तापमान सगळ्यात जास्त असतं ते जुलैत, म्हणजे आपण सूर्यापासून सगळ्यात लांब असताना! मेसेजवाल्यांनी एवढं एक जरी वाचलं तरी पुरे.

आणि दक्षिणेच्या हिवाळ्याशी आपला काही संबंध नाही असं कुणी समजू नये. जून-जुलैत मादागास्करच्या पूर्वेला, मास्करीन बेटांच्या भागात हवेचा दाब वाढतो, तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन कोकणात नैऋत्येकडून येऊन आदळतात. जुलैत आपल्याला गार वाटतं ते या ढगांमुळे आणि पावसामुळे.

माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे की दरवर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे मेसेज सुरू व्हायच्या आधी, यावर एक चौकट छापा. सोबत चित्र द्या, पण लांबट अंड्यासारखी कक्षा काढू नका, खरी कक्षा इतकी गोल आहे की कागदावर काढली तर फरक पेन्सिलच्या रेघेत लपून जाईल, आणि त्या अंड्याच्या चित्रामुळेच अर्ध्या लोकांचा गोंधळ होतो. आस मात्र ठळक दाखवा, कक्षेवरच्या मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या चारही जागी एकाच दिशेला कललेला.

– एक वाचक, पुणे